चिकूची जीभ

"एकाच भोकाचं कधी घ्यायचं नाय, मॅडम. कुत्र्याची जीभ आत ओढली जाते आणि मग काय केल्या निघत नाय," असं शेजारच्या दुकानातला पोरगा म्हणाला, आणि सलूनबाहेरच्या बाकड्यावर नंबराची वाट बघत बसलेल्या उदयनं मान वळवली. रविवारची सकाळ, मीरा रोडच्या पूर्वेचा बाजार, सलूनशेजारचा गाळा परवापरवापर्यंत झेरॉक्सवाल्याचा होता. आता तिथं काचेच्या टाक्यांत मासे फिरत होते, पिंजऱ्यात लव्हबर्ड कलकलत होते आणि दोरीला कुत्र्यांचे पट्टे, साखळ्या, रबरी खेळणी टांगलेली. दुकानाचा मालक प्रितम, पंचविशीचा, तोंडाचा पट्टा चालूच. समोर एक बाई उभी, तिच्या पायाशी लॅब्रेडॉरचं पिल्लू चपलेचा पट्टा चावत होतं. प्रितमनं एक लाल खेळणं काढून तिच्या हातात दिलं, एकावर एक तीन लगोऱ्या ठेवाव्यात तसं. "हे बघा, खाली मोठं भोक, त्यातून खाऊ भरायचा. वर हे बारीक, ते हवा यायला. साइज त्याच्या जबड्याहून मोठी घ्यायची, गिळता येता कामा नये. नखानं दाबून बघा, थोडं दबलं पाहिजे. दगडासारखं कडक असलं की दात तुटतो. आणि सुरुवातीला समोर बसून द्यायचं. देऊन बाहेर निघून जायचं नाय." बाई मान डोलवत होती. प्रितमला आणखी एखादा श्रोता हवाच होता. त्यानं बाकड्याकडे बघितलं. "काय काका, बरोबर ना? तुमच्याकडे आहे कुत्रा?"

"नाही," उदय म्हणाला. "कधीच नव्हता."

आता बघा, नुसतं 'नाही' म्हणाला असता तर ते खरंच होतं. चिकू जाऊन दोन वर्षं झाली होती. पण हे 'कधीच' कुणी विचारलं होतं? सहा वर्षं ज्यानं घरात लोळण घेतली, ऑफिसातून आल्यावर ज्यानं रोज चपला हुंगल्या, त्या मुक्या जनावराला या माणसानं एका शब्दात पुसून टाकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. सलूनवाल्यानं "आओ साब, बैठो" म्हणून टॉवेल झटकला, तर उदय "बाद में आता हूँ" म्हणत चालूही लागला. दाढी दोन दिवसांची वाढलेली, केस कानावर आलेले, आणि पाय मात्र कुणी मागं लागल्यासारखे पडत होते.

मीरा रोडची हवा जूनच्या सुरुवातीला अंगाला चिकटते. शर्ट पाठीला चिकटला होता आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की उद्या सोमवार, उद्या शेवटची तारीख. तेजश्रीचा फॉर्म. बारावीला पोरीनं मार्क पाडले ते असे की बिल्डिंगमधल्या लोकांनी घरी येऊन पेढे खाल्ले. तिच्या सरांनी स्वतः परळच्या कॉलेजातून जनावरांच्या डॉक्टरकीचा फॉर्म आणून दिला. लहानपणापासून पोरीचं वेड सगळ्यांना ठाऊक. रस्त्यावरची लंगडी मांजर दिसली तरी ही चप्पल काढून तिथंच बसायची. आणि तो फॉर्म पंधरा दिवस कोरा पडून होता. काल पंचशीलानं, उदयच्या बायकोनं, ताटावर बसल्या बसल्या सांगितलं, "नाही म्हणते ती. बी.एस्सी.चा भरला म्हणे. मी विचारलं का गं, तर म्हणते, माझ्या हातानं एका कुत्र्याची जीभ गेली, मी काय डॉक्टर होऊ." उदयनं तेव्हा घास तोंडात घातला होता. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं ओढला. पंचशीला म्हणाली, "तुम्ही समजावा. तुमचं ऐकते ती." ऐकते. हो, ऐकलंच होतं तिनं त्याचं, दहा वर्षांची असताना, आणि सात वर्षं ते शब्द तिनं खाली ठेवले नव्हते.

ते खेळणं आलं एक्क्याण्णव साली. उदयचे साहेब अमेरिकेला जाऊन आले आणि आपल्या अल्सेशियनसाठी आणलेली एक वस्तू त्याला लहान पडली म्हणून उदयच्या टेबलावर ठेवून गेले. "तुझ्या मुलीचा कुत्रा आहे ना, घेऊन जा." फॉरेनची वस्तू! उदयनं ती डब्याच्या पिशवीत घातली आणि घरी येईपर्यंत पिशवी छातीशी धरली. सोबत इंग्रजीतला एक कागद होता, बारीक अक्षरांचा, चित्रांचा. तेजश्री पाचवीत, इंग्लिश मीडियमला, तिनं झडप घालून कागद घेतला आणि वाचायलाही लागली, धडाधड, एखाद्या साहेबाच्या पोरीसारखी. उदय परभणीकडचा. बी.ए. झाला होता, पण इंग्रजी म्हणजे त्याच्या लेखी कायमचं उन्हातलं चालणं. ऑफिसात तो फायली लावायचा, पत्रांवर तारखा टाकायचा, आणि घरात मात्र मिक्सरचा कागद, कुकरचा कागद, सोसायटीची नोटीस, सगळं तोच वाचायचा, तोच समजावून सांगायचा. त्यानं पोरीच्या हातातून कागद काढून घेतला. "दे इकडे. मोठ्यांचं असतं हे." तीन ओळी वाचल्या. चौथीत अडखळला. पोरगी खालून तोंडाकडे बघत होती. त्यानं कागदाची घडी केली, म्हणाला, "काही नाही, आत खाऊ भरायचा आणि द्यायचं. हे दिलं की कुत्रं एकटं राहतं, रडत नाही. कळलं?" आणि कागद कपाटात, पगाराच्या कागदांखाली ठेवला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चिकू होता पामेरियन आणि गावठी यांच्यामधला, रंगानं अगदी चिकू. त्याला आवडायचा दूधभात. साहेबांच्या कुत्र्याला काय घट्ट मलम-बिलम भरून देत असतील ते देत असतील. इथं तेजश्री त्या रबरात दूधभात भरायची, वर गुळाचा खडा. चिकू ते लोळवत घरभर फिरायचा आणि वरच्या बारक्या भोकातून दूध ठिबकायचं. मोरीपासून दारापर्यंत चिकट रेघ. दुसऱ्या दिवशी रेघेवर मुंग्या, दाराबाहेर पॅसेजमध्ये मुंग्या, समोरच्या हंसाबेनच्या उंबऱ्यापर्यंत. हंसाबेन भली बाई. जैन. पापड लाटले की चार पापड इकडे यायचे. तिनं दारात उभं राहून, हसतच सांगितलं, "उदयभाई, जरा जुओ ने, कीडी बहुत हो गयी है. पाँव के नीचे आती है तो मुझे पाप लगता है ना." एवढंच. ना कपाळावर आठी, ना आवाजात धार. पंचशीला "हाँ हाँ बेन, अभी पोंछती हूँ" म्हणाली आणि फडकं घेऊन बसलीसुद्धा. तिच्या मनात तो विषय तिथंच संपला.

उदयच्या मनात तो तिथं सुरू झाला. त्या मजल्यावर चार दारं. हंसाबेन, एक रत्नागिरीकडचे, एक सिंधी आणि हे. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या बुद्धाचा फोटो, दिसायचा तो दिसायचाच, आणि उदयनं तो अभिमानानं लावलाही होता. पण या घराकडे कुणी बोट दाखवता कामा नये, हे त्यानं कधी शब्दांत सांगितलं नव्हतं आणि रोज पाळलं होतं. मटण शिजायचं तेव्हा दार बंद. कपड्यांची दोरी कधी समोर येऊ द्यायची नाही. गावी लहानपणी एका घराच्या ओट्यावर तो पाणी प्यायला बसला होता, आणि तो उठल्यावर त्या बाईनं ओटा धुतला होता. बाई काही बोलली नव्हती. हसलीच होती बहुतेक. आता हंसाबेन हसून मुंग्यांबद्दल बोलली आणि त्याला ऐकू आलं भलतंच. 'यांच्याकडे असंच.' तिनं म्हटलं नव्हतं, तिच्या मनातही नव्हतं, ती बिचारी मुंग्यांनाच घाबरत होती. त्या बाईवर आपण मनातल्या मनात किती मोठा आळ घेतला, याची लाज त्याला फार नंतर वाटली. त्या दिवशी मात्र त्यानं ते खेळणं उचललं, धुतलं, रिक्षा केली आणि काशीमीऱ्याला गेला.

हायवेवर गॅरेजांच्या रांगेत एक पंक्चरवाला बसायचा, ईश्वर नावाचा, केरळकडचा, वयस्क माणूस. त्यानं खेळणं हातात घेऊन फिरवलं, फुंकर मारली, बारक्या भोकाला बोट लावलं आणि काढलं. "साब, ये पंक्चर नहीं है. ये छेद कंपनी का है."

"मालूम है. बंद करना है."

"कंपनी ने रखा है तो कुछ सोच के रखा होगा ना साब."

मागं ट्रक हॉर्न वाजवत होते. उदयला राग आला. म्हणजे आता हा मला शिकवणार? "तू पॅच मार. सोचने का काम मेरे को दे." ईश्वरनं कानशीनं रबर घासलं, सोल्यूशन लावलं, ट्यूबचा काळा तुकडा आतून-बाहेरून बसवला, गरम दाबाखाली पक्का केला. काम नामी. एक थेंब गळणार नाही. ईश्वरनं खेळणं परत देताना त्याच्याकडे बघितलं नाही, आणि उदयला वाटलं, बरा नरमला.

आठ दिवस सगळं छान चाललं. लादी कोरडी, मुंग्या गायब, हंसाबेनकडून हांडव्याची बशी. मग तो शनिवार. ऑफिस अर्धा दिवस. उदय जेवून आतल्या खोलीत आडवा झाला. पंचशीला बाजारात गेली. तेजश्रीला क्लासला जायचं होतं. चिकू मागं लागू नये म्हणून तिनं दूधभात काठोकाठ ठासून भरला, त्याच्यापुढं ठेवला, दार ओढून गेली. बापानं सांगितलं होतं तसंच तिनं केलं. थोड्या वेळानं उदयला झोपेत आवाज ऐकू आला. धप्. धप्. दारावर काहीतरी आपटल्यासारखा. कुत्रं खेळतंय, त्याला वाटलं. त्यानं कूस बदलली. आवाज बराच वेळ येत राहिला, मग हळू झाला, आणि त्याला छान झोप लागली. हे त्यानं पुढं कुणालाही, कधीही सांगितलं नाही. भोकाचं एक वेळ सांगता आलं असतं. ह्या झोपेचं काय सांगणार?

तेजश्रीच्या किंकाळीनं तो उठला. चिकू मोरीच्या दाराशी पडला होता, तोंडाला ते लाल रबर लटकलेलं, जीभ मुळापर्यंत आत ओढलेली, आणि कडेला जे थोडं दिसत होतं ते जांभळं, सुजून टम्म. डोळे पांढरे. ओरडायलाही येत नव्हतं बिचाऱ्याला. धप् धप् एवढंच त्याचं ओरडणं होतं. पंचशीला भाजीची पिशवी टाकून आली. ओढलं तर चिकू थरथरायचा. उदयनं दोघींना हंसाबेनकडे बर्फ आणायला पिटाळलं. खोलीत तो आणि कुत्रं. त्याची नजर त्या काळ्या तुकड्यावर गेली आणि काशीमीऱ्याचा तो आवाज कानात आला. कुछ सोच के रखा होगा ना साब. त्यानं स्क्रू ड्रायव्हर घेतला, पॅचमध्ये खुपसला. फुस्स असा बारीक आवाज झाला आणि जीभ आपोआप सुटली, जणू कधी अडकलीच नव्हती. इतकं सोपं होतं. दुपारभर इतकंच सोपं होतं.

दोघी बर्फ घेऊन धावत आल्या तेव्हा खेळणं त्याच्या पाठीमागं होतं. तेजश्री रडत विचारत होती, "कसं झालं पप्पा? कसं झालं?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, अगदी रागानं, खरं वाटावं इतक्या रागानं, "इतकं ठासून भरतात का? तुला अक्कल नाही? आणि देऊन निघून गेलीस!" पोरीचं रडणंच थांबलं. डॉक्टरनं चौथ्या दिवशी जिभेचा पुढचा काळा पडलेला भाग कापला. खेळणं उदयनं त्याच संध्याकाळी मिठागराच्या चिखलात फेकलं. आणि तो कागद? तो त्यानं तेजश्रीच्या डिक्शनरीतून शब्द काढत, कडी लावून, वाचला. चौथी ओळ. पाचवी ओळ. सगळं लिहिलेलं होतं, चित्रासकट. मग त्यानं कागदाचे बारीक तुकडे केले आणि संडासात पाणी ओतलं.

जिभेशिवाय कुत्र्याला पाणी पिता येत नाही, हे किती जणांना ठाऊक असतं? त्या घराला ठाऊक झालं. चिकू वाडग्यात तोंड बुडवायचा आणि पाणी सगळं बाहेर. तेजश्री रोज सकाळी शाळेआधी, दुपारी, संध्याकाळी त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओंजळीनं त्याच्या गालाच्या खोबणीत पाणी सोडायची. पाच वर्षं. परीक्षा असो, ताप असो. एकदा वर्गाची सहल एलिफंटाला गेली, ही गेली नाही. चिकूला कोण पाजणार? "मी पाजतो की," उदय म्हणाला, तर ती म्हणाली, "नको पप्पा, माझं काम आहे ते." लादी रोज ओली. रोज पंचशीलानं पुसायची. मुंग्याही आल्या परत, आणि हंसाबेन एका शब्दानं बोलली नाही. उलट तीच चिकूसाठी थोडं तूप आणून द्यायची. उदय पेपर उघडून बसायचा. पेपरच्या वरून त्याला पोरीची वाकलेली मान दिसायची. शेजारपाजारचे म्हणायचे, काय पोरगी आहे, काय जीव लावते! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं त्याला. आणि तरी, खोटं कशाला बोला, त्या कौतुकाच्या वेळी बाप म्हणून तो थोडा हसायचासुद्धा.

सलूनवरून निघालेला उदय घरी पोचला तेव्हा दार बंद होतं, म्हणजे मटण शिजत होतं. तेजश्री टेबलाशी बसून फायलीत झेरॉक्स लावत होती. "पप्पा, केस नाही कापले?" तिनं हसून विचारलं. कोरा फॉर्म फायलीत सगळ्यात खाली होता, त्याचा हिरवा कोपरा दिसत होता.

तो समोर बसला. घाम पुसला. "तेजू," तो म्हणाला, "चिकूच्या त्या खेळण्याला वर बारीक भोक होतं. आठवतं?"

तिचे हात थांबले. "होतं का? मला नाही आठवत."

"होतं. हवेसाठी होतं. मी ते बुजवून आणलं. काशीमीऱ्याला, पंक्चरवाल्याकडून. दूध गळायचं म्हणून. त्यामुळं अडकली जीभ. तू ठासून भरल्यानं नाही. तुझा काही संबंधच नव्हता."

कुकरची एक शिट्टी झाली. मग तिनं अगदी हळू विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

आणि इथं, बघा, सुटकेचं दार आपणहून उघडं पडलं होतं. सकाळचं दुकान होतं, प्रितम होता, सगळे साक्षीला उभे होते. "आज," उदय म्हणाला. "आत्ता. सलूनशेजारचा दुकानवाला सांगत होता कुणाला तरी. ऐकलं आणि तसाच उठून आलो."

तेजश्रीचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली, दहा वर्षांच्या पोरीसारखी, नाक ओढत, मोठ्यानं. टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. "अरे, मग तुझी तरी काय चूक? तुला कुठं माहीत होतं? तू कशाला मनाला लावून घेतोस, पप्पा?" ती त्याची पाठ थोपटत होती. रडता रडता हसत होती. तिनं खालून तो फॉर्म ओढला, पेन शोधलं, आणि उभ्याउभ्याच भरायला लागली. नाव, पत्ता, मार्क. अक्षर घाईनं तिरकं जात होतं. आतून पंचशीला "काय झालं गं?" म्हणत आली, आणि फॉर्म बघून दारातच थांबली. तिनं पदर तोंडाला लावला. झालं की! जे हवं होतं ते झालं. पोरगी मोकळी झाली, घर मोकळं झालं, आणि याला वर माफीही मिळाली. शहाण्या माणसानं इथं गप्प बसावं. उदयला ते कळत होतं. पाठीवर पोरीच्या हाताची ऊब अजून होती आणि ती ऊब त्याला सहन होईना. हे थोपटणंही आपण चोरून घेतलं, पुन्हा तिच्याचकडून, असं त्याला वाटलं.

"इथं सही, पालकाची," तेजश्रीनं फॉर्म पुढं सरकवला.

त्यानं पेन घेतलं. "त्याच दिवशी कळलं होतं मला," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही बर्फ आणायला गेलात तेव्हा. मी पॅच फोडला आणि जीभ सुटली. तेव्हाच कळलं. मग तुला ओरडलो. आणि मी घरातच होतो, तेजू. तो दारावर आपटत होता, मला ऐकू येत होतं. मी झोपलो." आता त्याला थांबता येत नव्हतं. "कागदात सगळं लिहिलं होतं. मला वाचता आलं नाही. तुला वाचू दिलं नाही. कागद मी फाडला."

पंचशीला दारात होती तशीच उभी राहिली. तेजश्रीच्या गालांवर मघाचं पाणी तसंच होतं. ती म्हणाली, "मी रोज तुझ्यासमोर बसून त्याला पाणी पाजत होते."

"हो."

"तू पेपर वाचत होतास."

"हो," उदय म्हणाला.

"सही करा," एवढंच तेजश्री म्हणाली. त्यानं सही केली. तिनं फॉर्म उचलला, शाई वाळू दिली, नीट फायलीत घातला, तोंड धुवून आली आणि आईला पानं घ्यायला मदत करायला लागली. तिघं जेवायला बसली. पंचशीला ताटाकडेच बघत होती. तेजश्रीनं बापाच्या ताटात रस्सा वाढला, लिंबाची फोड ठेवली, त्याच्या ग्लासात पाणी ओतलं. भात संपत आल्याचं तिच्या लक्षात आलं, तेव्हा भांडं हातात घेऊन ती जरा वाकली आणि घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तशा आवाजात म्हणाली, "अजून भात वाढू का तुम्हाला?"